ताटलीत काहीच उगवलं नाही

४ ऑगस्ट, दुपार

भाऊजी,

आधी बसा. हातात चहा असेल तर बाजूला ठेवा. बसलात? तुमच्या दादांचा पाय वाचला!

आता तुम्ही म्हणाल, वहिनी, पायाला झालं काय होतं? बरोबर आहे, तुम्हाला कोण सांगणार? सहा वर्षांपूर्वी तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलच्या किल्ल्या टेबलावर ठेवून न सांगता निघून गेलात आणि यांनी तुमचं नाव टाकलं. शिकायला आलेल्या लोकांसमोर यांनी तुम्हाला ‘तुला गिअरही सापडत नाही आणि अक्कलही’ असं म्हणायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तुम्हीसुद्धा काही कमी नाही. एक रुसून गेला, दुसरा रुसून बसला, आणि मधल्यामध्ये मी.

मी लिहितेय हे यांना माहीत नाही. फोन करावा तर आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलेलंही ऐकू जातं, आणि मोबाईलवर टाइप करायला बसले की माझं बोट नको त्या अक्षरावर पडतं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघा.

तर पाय. तुम्हाला यांचे ते पातळ तळाचे कापडी बूट आठवत असतील. ‘ब्रेक पायाला कळला पाहिजे’ म्हणून दुसरे घालायचेच नाहीत. शिकवायच्या गाडीत यांच्या बाजूला जो जादा ब्रेक आहे ना, त्याचं रबर झिजून गेलं होतं आणि खालचा स्क्रू वर आला होता. शिकणारा चुकला की हे त्याच्यावर पाय दाबणार. दिवसभर दाबत होते आणि स्क्रू उजव्या पायाच्या करंगळीखाली घुसत होता. यांना पत्ता नाही! रक्तातल्या साखरेने पायातली जाणीव कधीच नेली होती. मोजा लाल झाला तेव्हा मला दिसलं, यांना नाही. वर मलाच म्हणाले, “दुखत नाही म्हणजे काही नाही गं.”

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर डोकं फिरेल. जखम चिघळली, पाय सुजला. मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे जखमेवर कापूस फिरवून तपासायला पाठवला, तर रिपोर्ट आला की या जंतूवर कुठलंच औषध चालत नाही. सर्जन आले, त्यांनी खिशातलं पक्क्या शाईचं पेन काढलं आणि यांच्या पायावर गुडघ्याच्या जरा खाली एक रेघ मारली. शिंपी कापडावर मारतो तशी. म्हणाले, “इथून.” माझ्या तोंडचं पाणी पळालं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाचा उजवा पाय!

मग एक बाई भेटल्या, नुसते पायच बघणाऱ्या डॉक्टर. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलायला अशा की हेसुद्धा सरळ बसतात. त्या म्हणाल्या, “काकू, जखमेवर वरवर कापूस फिरवला तर वाटेने जाणारे-येणारे सगळे सापडतात. खरा भाडेकरू हाडात बसलाय. त्याला पकडायचं.” ताप नव्हता, लाली वर चढत नव्हती, म्हणून त्यांनी जंतूंवरची सगळी औषधं काही दिवस बंद केली, म्हणजे जंतू लपून बसणार नाही, आणि मग आतून हाडाचा एक बारीक तुकडा काढून लॅबमध्ये पाठवला. तिथे तो एका ताटलीत ठेवतात. जंतू असला तर ताटलीत उगवतो.

आज रिपोर्ट आला. ताटलीत काहीच उगवलं नाही!

भाऊजी, मी दुकानातून मोठा केक आणला. गाडी शिकायला आलेल्या सगळ्यांना वाटला, खालच्या पंक्चरवाल्याला दिला, ज्यांच्याशी मी बोलत नाही त्या समोरच्या बाईंना पण दिला. हाड साफ आहे! हे मात्र नुसते “बघ, म्हटलं नव्हतं?” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आनंदसुद्धा धड करता येत नाही या माणसाला.

तुमची वहिनी


६ ऑगस्ट, सकाळ

भाऊजी,

परवाचा आनंद परत करा. केक परत मागता येत नाही, नाहीतर तोही मागितला असता.

काल पायवाल्या डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून लॅबमध्ये नेलं. तिथले मोठे डॉक्टर कमी बोलणारे आहेत, गळ्यात चष्मा अडकवलेला, डोळा सतत भिंगाला. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बघा.” मी बघितलं. गुलाबी गुलाबी बारीक काड्या, ढीगभर! “हा तुमच्या मिस्टरांच्या हाडाचा नमुना. काचेवर जंतू दिसताहेत आणि ताटलीत एकही उगवत नाही. म्हणजे ते गुपचूप काहीतरी औषध घेताहेत.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना काय काय बोलले! म्हटलं, “माझा नवरा आहे, मला माहीत नसणार? घरातली प्रत्येक गोळी माझ्या हातून जाते. तुमची ताटली बिघडली असेल.” ते रागावले नाहीत. “असेलही,” म्हणाले. “तरी एकदा घर शोधा.”

घर शोधलं. कपाट, गादी, उशीची खोळ, पिठाचा डबा. काही नाही. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना परत झापायची तयारी करत होते. मग खाली गाडीत गेले आणि समोरचा कप्पा उघडला. वाहतुकीच्या चिन्हांची कार्डं होती आणि त्यांच्या खाली तुमच्या गोळ्या.

हो भाऊजी, तुमच्याच. तुम्ही त्या औषधांच्या गोदामात नोकरीला लागल्यापासून तिकडून कोणी येणार असलं की खोका पाठवता, त्यातल्या. चांगल्या कंपनीच्या, भारी, जंतूंवरच्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसता खोका. हे कधी त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण खोका आला की स्वतः उघडतात आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मला वाटायचं, असू दे, औषधच आहे. घसा धरला की एक, अंग मोडून आलं की दोन, बरं वाटलं की बंद. सहा वर्षं! आणि म्हणे प्रत्येक गोळी माझ्या हातून जाते.

हे मी पायवाल्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, “काकू, अशा अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. ते पुढच्या वेळी आणखी पक्के होतात.” म्हणजे आमच्या घरात दोन शाळा चालू होत्या, एक गाडीची आणि एक जंतूंची. जंतू पहिल्या फटक्यात पास होत होते. आणि आता या गोळ्यांनी हाडातला जंतू मरत नाही, पण ताटलीत उगवायचा बंद होतो. घरात आहे आणि बेल वाजवली तर दार उघडत नाही, असा प्रकार.

मी पाकिटं यांच्यासमोर आपटली. आधी म्हणाले, “पडून होत्या, वाया कशाला घालवायच्या.” मग म्हणाले, “डॉक्टरांना काय कळतंय.” मी म्हटलं, “आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाकते.” तर भाऊजी, त्या पायावर हा माणूस उठून उभा राहिला. माझा हात धरला. म्हणाले, “टाकायच्या नाहीत. त्याने पाठवल्यात.”

त्याने!

मी जागीच उभी राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा ‘तो’ आमच्या घरात आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, यांना सर्दीबिर्दी कसली, तुमची आठवण आली की हे गोळी घेत होते. एवढा मोठा माणूस! हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

खूप भांडले. शेवटी म्हणाले, “ज्याने पाठवल्यात त्याने सांगितलं तर बंद करीन. तुझ्या डॉक्टरणीने सांगून नाही.” आणि पाकिटं घेऊन लंगडत खाली गेले.

तेव्हा आता ऐका, भाऊजी. डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा हाड घेणार आहेत. तोपर्यंत अंगात एक कणसुद्धा औषध नको. ताटली पुन्हा रिकामी आली तर कुठलं औषध द्यायचं हे त्यांना कळणार नाही आणि सर्जन त्या रेघेवर कापणार. रेघ अजून पुसलेली नाही, मी आंघोळीच्या वेळी रोज बघते.

फोन करा. आज करा. सहा वर्षांचा हिशोब काढू नका, कोण बरोबर होतं ते मी नंतर दोघांनाही सांगते. नुसतं म्हणा, ‘दादा, मी पाठवलेल्या गोळ्या घेऊ नकोस.’ एवढंच म्हणा. मी लिहिलंय असं सांगू नका, नाहीतर माझी धडगत नाही.

वहिनी


७ ऑगस्ट, सकाळ

भाऊजी! केलात! अहो, केलात तुम्ही!

मी खिडकी पुसत होते. पुसायला काही नव्हतं, पण तुमचा फोन यायची वाट बघत माझा जीव वरखाली होत होता, म्हणून हातात फडकं घेतलं होतं. फोन वाजला. यांनी नंबर बघितला. नाव नव्हतं तरी यांनी ओळखला, कारण यांचे कान लाल झाले. रागावले किंवा लाजले की होतात, तुम्हाला माहीतच आहे. फोन वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं संपलं. तेवढ्यात परत वाजला. शाब्बास, भाऊजी!

उचलला. म्हणाले, “हं.” मग परत “हं.” मी ती एकच काच घासतेय. मग म्हणाले, “घेतल्या.” मग, “मोजल्या नाहीत.” मग एकदम आवाज चढला, “तू काय डॉक्टर लागून गेलास?” माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. म्हटलं झालं, आता ठेवतात. पण ठेवला नाही. तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, पण यांचा चेहरा असा झाला, असा झाला, की मी खिडकीबाहेर तोंड काढलं. यांना रडताना बघणं मला जमत नाही. शेवटी म्हणाले, “बरं.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “जेवलास का?”

तुम्ही काय उत्तर दिलंत, देव जाणे.

मग कुबड्या घेऊन खाली गेले. गाडीतली पाकिटं आणली. ऑफिसच्या घड्याळामागची आणली. सीटच्या कव्हरात होती तीही आणली, ती तर मला सापडलीच नव्हती! सगळी माझ्या पदरात टाकली. मी साळसूदपणे विचारलं, “कोणाचा होता हो फोन?”

“राँग नंबर,” म्हणाले.

राँग नंबरला जेवलास का म्हणून विचारतात, असा माझा नवरा.

मी पाकिटं घरात ठेवली नाहीत की कचऱ्यात टाकली नाहीत. डॉक्टरांकडे नेऊन दिली. त्यांनी एक एक पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, “औषधं उत्तम आहेत, काकू. नको त्या वेळी दिलेली आहेत.” तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला जे वाटलं ते मी वाटून घेतलंय, तेवढं दोघांना पुरे आहे.

वहिनी


२५ ऑगस्ट, संध्याकाळ

उगवलं, भाऊजी, उगवलं!

जंतू सापडला म्हणून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नाचणारी बाई तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. एका नर्सने मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तिला वाटलं मला वाईट बातमी कळलीय.

मधले दिवस मी तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. औषध बंद, पाय तसाच, आणि मी दर तासाला ताप बघतेय. एकदा यांना कणकण वाटली तर मी रिक्षा बोलावून दारात उभी केली, आणि निघालं काय, तर यांनी अंगावर दोन पांघरुणं घेतली होती! यांनी मात्र शब्द पाळला. घसा खरोखर धरला होता मध्ये, खोकत होते, पण एक गोळी मागितली नाही. नुसतं गरम पाणी पीत बसायचे.

आज लॅबच्या डॉक्टरांनी ताटलीच दाखवली. करड्या, ओलसर, चिकट टिकल्या. इतकी घाण गोष्ट बघून मला इतका आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. आणि मग रिपोर्ट. एकाखाली एक औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘आर’. आर म्हणजे जंतू या औषधाला भीक घालत नाही. आर, आर, आर. तुमच्या गोळीपुढे ‘अर्धवट’. परत आर. माझं बोट खाली खाली सरकत होतं. भाऊजी, खरं सांगते, मला त्या क्षणी यांचा पाय दिसत नव्हता, नुसती ती पेनाची रेघ दिसत होती.

आणि तळाला एक ‘एस’! एस म्हणजे चालतं!

जुनं इंजेक्शन आहे म्हणे. हल्ली फारसं वापरत नाहीत, कारण मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, रोज रक्त तपासत राहावं लागतं. तुमच्या कुठल्याच खोक्यात ते कधी नव्हतं, आमच्या घरात कधी आलं नाही, म्हणून जंतूची आणि त्याची ओळखच झाली नाही. मी लॅबच्या डॉक्टरांचा हात हातात घेऊन म्हटलं, “मी तुम्हाला नको नको ते बोलले.” ते म्हणाले, “बोललात खरं. पण घर शोधलंत, हे महत्त्वाचं.” आणि परत भिंगाला डोळा लावून बसले.

उद्या भरती. उद्यापासून इंजेक्शन.

वहिनी


१४ सप्टेंबर

भाऊजी,

पाय वाचला. या वेळी खरंखुरं. केक आणलेला नाही, केकवरचा माझा विश्वास उडालाय.

सूज उतरली, जखम लाल आणि ताजी दिसतेय, वास गेला. मूत्रपिंड व्यवस्थित आहे. थोडी साफसफाई करावी लागली, पण ते डॉक्टरांचं काम आहे, तुम्ही त्यात डोकं घालू नका. सर्जन स्वतः आले होते. पाय उचलून सगळीकडून बघितला, मग कापसाला स्पिरिट लावून रेघ पुसली. जाताना म्हणाले, “माझं काम गेलं.” मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

हे मजेत आहेत. वॉर्डमधल्या सगळ्यांना गाडी मागे कशी घ्यायची ते झोपल्या झोपल्या शिकवतात. गाडी लवकरच पुन्हा सुरू करतील. काळजीचं काही कारण नाही.

आता खोका पाठवू नका. काहीही पाठवू नका.

वहिनी


९ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचा खोका आला.

मला इतका राग आला म्हणून सांगू! यांना घरी आणून जेमतेम आठवडा झालेला, आणि परत खोका? मी कात्री घेतली आणि यांच्या आधी मीच फाडला. म्हटलं, आज या दोघा भावांचा निकालच लावते.

आत बूट होते.

काळे, रुंद, जाड तळाचे, आतून मऊ, शिवण कुठे टोचणार नाही असे. पायवाल्या डॉक्टरांनी सांगितलेले अगदी तसेच. माझा राग जरा खाली आला. मग मी उजव्या बुटात हात घातला तर पुढे, कडेला, करंगळीच्या जागी एक मऊ गादी शिवलेली. बोट नसलेल्या जागेत पाय सरकू नये म्हणून.

भाऊजी, करंगळी काढली हे मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं.

मी साफसफाई लिहिलं होतं. मुद्दाम. तुम्ही तिकडे एकटे, गोळ्यांचं मनाला लावून घ्याल, रात्र रात्र जागाल, म्हणून मी करंगळी गिळून टाकली. करंगळी आणि तिच्यामागचं हाड. आणि त्याहून मोठी गोष्टही गिळली. डॉक्टरांनी यांना ब्रेक बंद केलाय, कायमचा. पाय चालेल, फिरेल, सगळं करेल, पण ज्या पायाला काही कळत नाही त्याच्या भरवशावर शिकणाऱ्याला रस्त्यावर न्यायचं नाही. यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मला तर ते शांत बसणंच सहन झालं नव्हतं.

मी बूट घेऊन यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, “भाऊजींना कसं कळलं?”

यांचे कान लाल झाले.

मग मला एकेक आठवायला लागलं. हॉस्पिटलात मी डबा घेऊन गेले की हे फोन उशीखाली ढकलायचे. घरी आल्यापासून रोज संध्याकाळी ‘गाडी पुसून येतो’ म्हणून कुबड्या घेऊन खाली. आयुष्यात कधी गाडी पुसली नाही या माणसाने! म्हटलं, “रोज बोलता?”

“रोज नाही,” म्हणाले. “रविवारी त्याला उशिरापर्यंत झोपायचं असतं.”

आणि वर काय म्हणाले माहीत आहे? “तुझी पत्रं चांगली असतात. तो वाचून दाखवतो मला. तो जंतूंच्या शाळेचा विनोद मला आवडला.”

मी दोन महिने न्हाणीघरात बसून, दाराला कडी लावून, चोरासारखी पत्रं लिहितेय, आणि तुम्ही ती यांना वाचून दाखवताय! फोनवर! लाज नाही वाटत? दोघांनी मिळून मला पार वेड्यात काढलं. मी यांच्यावर ओरडले, खूप ओरडले, आणि ओरडता ओरडता खाली बसून रडायला लागले, तर हे घाबरले. म्हणाले, “अगं, अजून एक सांगायचंय, पण तू आधी शांत हो.”

मी म्हटलं, “आता काय कापायचं राहिलंय?”

म्हणाले, “शिकवायला मी मागच्या सीटवर बसेन. तोंड आहे ना माझं. ब्रेकवर पाय ठेवायला तो येतोय. नोकरी सोडून. पुढच्या महिन्यात.”

मग बूट घातले. उभे राहिले. कुबडी भिंतीला लावली, दारापर्यंत गेले आणि परत आले. चेहऱ्यावर काही नाही, पण मला माहीत आहे.

तर भाऊजी, एवढं सगळं तुम्ही दोघांनी ठरवलंत आणि मला विचारलं नाहीत. दोन खोल्यांत तिसरा माणूस कुठे झोपणार, विचारलं नाहीत. तुम्ही दोघे एका गाडीत बसून पहिल्याच वळणावर भांडलात तर मध्ये कोण पडणार, तेही विचारलं नाहीत.

चालेल. शंभर वेळा चालेल. अहो, या! आणि हे पत्र यांना वाचून दाखवताना रडण्याचा भाग गाळा.

वहिनी